पेटीशिवाय एक आठवडा : फ्रान्समधलं तेझे

नगरला आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी २६ वर्षं पेटी वाजवते. उपासना म्हटलं की माझं अर्धं लक्ष हातांकडे असतं. पाळकसाहेबांची मान हलली की पहिला सूर द्यायचा, कडवी मोजायची, मागच्या बाकांवरून लय ओढली जात असेल तर ती सावरायची. प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायचे, पण पुढच्या गीताचं पान बोटाने धरून ठेवायचं. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

लेक जर्मनीत शिकते. ती मैत्रिणींबरोबर दोनदा तेझेला जाऊन आली होती. २०२४च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेले तेव्हा म्हणाली, "आई, एक आठवडा मला दे. तिथे तुला काहीच वाजवायचं नाही. नुसतं बसायचं." म्हणून गेलो. परत आल्यावर मंडळीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

रविवार

तेझे हे फ्रान्सच्या बर्गंडी भागातलं टेकडीवरचं इवलंसं खेडं. तिथे ब्रदर्सचा, म्हणजे व्रत घेतलेल्या ख्रिस्ती बंधूंचा, समुदाय राहतो आणि देशोदेशीची माणसं त्यांच्याबरोबर प्रार्थना करायला येतात. पॅरिसहून वेगवान रेल्वेने माकों-लोशे स्टेशनपर्यंत यायचं आणि तिथून बसने तासाभराच्या आत तेझे. आमची गाडी ४० मिनिटं उशिरा आली आणि बस गेली. रविवारी बस मोजक्याच, त्यामुळे पुढचे अडीच तास त्या उघड्या, वारा खाणाऱ्या स्टेशनवर काढले. पण एकट्याने नाही. पाठीवर झोपायच्या पिशव्या अडकवलेली दोन पोलिश मुलं आणि एक पोर्तुगीज बाई, तेही तिकडेच निघालेले. बाईंनी पिशवीतून अक्रोड काढले, मुलांनी पाव, मी लिंबाचं लोणचं. पावाला लोणचं लावून खाणारा पोलिश मुलगा डोळ्यांत पाणी आलं तरी थांबला नाही.

बस द्राक्षमळ्यांमधून जाते. द्राक्षं उतरवून झाली होती, वेलींची पानं पिवळी-तांबूस झाली होती. टेकडीखालच्या दरीत संध्याकाळी पाचलाच धुकं साचायला लागलं होतं.

उतरल्यावर नावनोंदणी, बिनकानाच्या मोठ्या वाडग्यात गरम चहा, आणि कामाची विचारणा. तेझेत पाहुणा असा कुणी नसतो; आलेल्या प्रत्येकाला काही ना काही काम असतं. मला दुपारची भांडी मिळाली. तरुणांची आणि मोठ्यांची राहण्याची, गटाची व्यवस्था वेगळी असते, त्यामुळे लेक एकीकडे आणि मी दुसरीकडे. माझ्या खोलीत सहा जणी, दुमजली पलंग. खालचा मिळाला याबद्दल देवाचे आभार मानले.

साडेआठला घंटा वाजल्या. त्या घंटा दूरवर ऐकू जातात आणि बराच वेळ चालतात. वाटांवरून माणसं निघतात, बोलणं हळूहळू कमी होत जातं. दारात तरुण स्वयंसेवक हातात पाट्या धरून उभे असतात, त्यांवर अनेक भाषांत एकच शब्द लिहिलेला: शांतता.

आत शिरल्यावर मी थबकले. बाकं नाहीत. बाहेरून साधं काँक्रीटचं मंदिर, आत जमिनीवर गालिचा, त्यावर शेकडो माणसं खाली बसलेली. युरोपातली पोरं गुडघ्यांखाली छोटी लाकडी घडवंची घेऊन बसली होती. मी सरळ मांडी घातली. समोर नारिंगी कापडाचे लांब पट्टे जमिनीपासून छतापर्यंत शिडासारखे ताणलेले, आणि त्यांच्या पायथ्याशी मातीच्या पोकळ ठोकळ्यांमध्ये मेणबत्त्याच मेणबत्त्या. मध्यभागी हिरव्या झाडांच्या दोन रांगा, त्यांच्यामध्ये पांढऱ्या झग्यांत ब्रदर्स. तेही आमच्यासारखेच समोर तोंड करून बसलेले. सभेकडे तोंड करून उभं असं कुणीच नाही.

भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडा उमटला. गीताचा क्रमांक. कुणीतरी सुरुवात केली आणि सगळ्यांनी उचललं. एकच ओळ. ती संपली की पुन्हा तीच. मी सवयीने मोजायला लागले: तीन, पाच, आठ. अकरानंतर मोजणं सुटलं. बसल्या जागेवरून मला हात हलवणारं कुणी दिसेना. मग स्तोत्र, चार भाषांत दोन-दोन वाक्यांचं शास्त्रवाचन, आणखी एक गीत. ते थांबलं आणि पुढे काहीच झालं नाही.

मला वाटलं कुणीतरी आपली पाळी विसरलं. आमच्याकडे इतका वेळ काही झालं नाही तर पाळकसाहेब माझ्याकडे बघतात. मी डोळे उघडून पाहिलं. सगळे तसेच बसलेले. आठ-दहा मिनिटं असतात ती, हे नंतर कळलं. तेव्हा तर तासभर वाटला. बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, सगळा वेळ तुझी बोटं चालू होती. मांडीवर." माझ्या ध्यानातही नव्हतं.

सोमवार

दिवसाचा साचा ठरलेला. सव्वाआठला सकाळची प्रार्थना, मग न्याहारी, दहाला एका ब्रदरांबरोबर शास्त्राभ्यास, १२ वाजून २० मिनिटांनी दुपारची प्रार्थना, जेवण, काम, गटचर्चा, सव्वापाचला चहा, सातला जेवण आणि साडेआठला रात्रीची प्रार्थना. तिन्ही प्रार्थनांच्या मध्यभागी तीच शांतता.

न्याहारीला एक पाव, लोण्याची वडी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि वाडग्यात चहा. पावात चॉकलेट घालून खातात. जेवणाला सगळ्यांना एकच चमचा. सुरी नाही, काटा नाही. त्या दिवशी मसूर आणि बटाटे, एक फळ, बिस्किटं. मीठही बेताचं. नगरच्या जिभेला दोन दिवस जड गेलं, हे लपवत नाही. पण जेवणाआधी रांगेतच उभ्याने आभाराचं गीत होतं आणि शेकडो माणसं भराभर वाढून घेतात, कुणी कुणाला ढकलत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं: नावनोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, विशेषतः मोठ्यांसाठी जागा कमी असतात. मुक्काम साधारण रविवार ते रविवार. खर्चाची रक्कम वयावर आणि आपण कोणत्या देशातून आलो त्यावर ठरते. शाकाहारी जेवण मिळतं, पण तसं आधीच सांगा. चादर किंवा झोपायची पिशवी, विजेरी, जाड मोजे आणि शाल न्याच. मंदिरात चपला चालतात, पण जमिनीवर बसल्यावर पाय गारठतात. प्रार्थनेत फोटो काढायचे नाहीत. आणि लोणच्याची बरणी घट्ट झाकणाची घ्या.

मंगळवार

सकाळी धुकं इतकं होतं की घंटांचा मनोरा दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता.

शास्त्राभ्यासानंतर मी धीर करून ब्रदरांना गाण्यांबद्दल विचारलं. एकच ओळ का? त्यांनी जे सांगितलं ते पेटीवाल्या माणसाला फार पटण्यासारखं आहे. सुरुवातीच्या काळात ब्रदर्स फ्रेंचमध्ये लांब स्तोत्रं गात. १९७०च्या दशकात देशोदेशीची तरुण मुलं हजारोंनी यायला लागली आणि त्यांना त्यातलं काही गाता येईना. ती नुसती ऐकत बसत. मग ब्रदर रॉबेर आणि पॅरिसचे ऑर्गनवादक जॅक बर्थिए यांनी मिळून छोटी गीतं तयार केली. बर्थिए १९९४ साली वारले, पण आजही तेझेत गायल्या जाणाऱ्या कितीतरी चाली त्यांच्याच. पुष्कळ गीतं लॅटिनमध्ये आहेत, कारण ती आज कुणाचीच मातृभाषा नाही. म्हणजे परका कुणीच नाही आणि घरचाही कुणी नाही. लोक ओळ धरून ठेवतात, चार आवाजांत. तिच्यावर एखादाच गळा वेगळं कडवं म्हणून जातो आणि पुन्हा ओळीत मिसळतो.

ऐकता ऐकता मला आजीचा वाडा आठवला. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि नगरला राहून अभंगाच्या, ओवीच्या वळणावर ख्रिस्ती भजनं लिहिली, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. आजी ती भजनं टाळावर म्हणायची. एक बाई कडवं म्हणणार, बाकीच्या ध्रुवपद धरणार. ध्रुवपद इतक्या वेळा यायचं की शेवटी शब्द जिभेला लागायचेच नाहीत, आपोआप यायचे. मी पेटी शिकले, मंडळीत वाजवायला लागले, तेव्हा वेळ वाचावा म्हणून ध्रुवपद एकदाच घ्यायचा प्रघात मीच पाडला होता. हे मला तेझेत, मसुराच्या रांगेत आठवलं, आणि वाईट वाटलं.

बुधवार

दुपारी बस पकडून क्लुनीला गेलो. तेझेपासून जेमतेम १० किलोमीटर. चालायला, सायकलला आवडत असेल तर जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सपाट हिरवी वाट थेट तिथे जाते. तरुण मंडळी त्याच वाटेने आली.

क्लुनीचा मठ ९१० साली स्थापन झाला. तिथलं तिसरं मंदिर सुमारे १८७ मीटर लांब होतं, आणि रोमचं सध्याचं सेंट पीटर बांधलं जाईपर्यंत ख्रिस्ती जगात त्याहून मोठं काही नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि लोकांनी दगडांसाठी ते पाडलं. आज एका बाजूचा भाग आणि अष्टकोनी मनोरा तेवढा उभा आहे. मंदिराचा मधला भाग जिथे होता तिथे आता मोकळी हवा. तिथले संन्यासी दिवसाचे कितीतरी तास गायनात घालवत, त्यासाठीच क्लुनीची ख्याती होती. मी त्या उंच भिंतीखाली उभी राहून हळूच एक सूर लावून पाहिला. तो वर गेला आणि बराच वेळ परतला नाही.

परतताना बसथांब्याजवळ बेकरीत सफरचंदाचा गरम केक खाल्ला. तीन दिवसांनी पोटभर गोड. लेक म्हणाली, "बाकीच्यांना सांगू नकोस." सांगते आहे.

गुरुवार

हा दिवस भांड्यांचा.

जेवणानंतर तीन मोठ्या टाक्या भरतात: एक साबणाची, दोन साध्या पाण्याच्या. शेकडो वाडगे, शेकडो चमचे. माझ्या टाकीवर ती पोर्तुगीज बाई, एक कोरियन मुलगा आणि एक डच आजी. आजी पहिल्यांदा १९७४ साली आल्या होत्या, तेझेच्या युवा परिषदेला. तेव्हा हजारो तरुण टेकडीवर तंबू ठोकून राहिले होते. "चिखल होता," त्या म्हणाल्या, "आणि मी एकोणीस वर्षांची होते. घरी देवाबद्दल कुणी बोलत नसे. इथेही माझ्याशी देवाबद्दल कुणी फार बोललं नाही. मला शांत बसू दिलं."

टाकीवर गाणं चालू असतंच. माझ्यावर पाळी आली: तुमच्याकडचं काहीतरी म्हणा. मी माझ्या आजीच्या भजनांपैकी एक घेतलं. अर्थ दोन वाक्यांत सांगितला आणि ध्रुवपद सुरू केलं. तिसऱ्या फेरीला कोरियन मुलाने उचललं, चौथीला सगळ्यांनी. 'ळ' काही कुणाला जमला नाही. पोर्तुगीज बाईंनी दोन वाडगे एकमेकांवर आपटून टाळ धरला, अगदी बरोबर जागी, समेवर. आम्ही ते किती वेळ म्हटलं ठाऊक नाही. टाकी रिकामी झाली होती आणि शेजारच्या टाकीवाल्यांचेही हात थांबले होते. मी पेटीशिवाय, ध्रुवपद न मोजता, भजन म्हटलं होतं. शाळेत असल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी एकटी उताराच्या वाटेने झऱ्याकडे गेले. सेंट एतिएनचा झरा म्हणतात. झाडी, एक तळं, बाकं. तिथे कुणी बोलत नाही. पाण्यावर पानं पडत होती. ठरावीक वेळी फाटक बंद होतं, तेवढी चौकशी करून जा.

शुक्रवार

सकाळी लेकीबरोबर गावातल्या जुन्या चर्चमध्ये गेले. बाराव्या शतकातलं, दगडी, आत जवळजवळ अंधार. ब्रदर्सच्या सुरुवातीच्या प्रार्थना इथेच होत. बाहेरच्या लहानशा कबरस्तानात या समुदायाचे संस्थापक ब्रदर रोजे यांची कबर आहे. माती, थोडी रोपटी आणि नाव लिहिलेला साधा लाकडी क्रूस. शोधावी लागते.

रोजे शुत्झ स्वित्झर्लंडचे. युद्ध चालू असताना १९४० साली, पंचविसाव्या वर्षी, सायकलवरून इथे आले. घर शोधत होते. गावातल्या एका म्हातारीने त्यांना जेवायला घातलं आणि म्हणाली, इथेच राहा, आम्ही फार एकटे आहोत. ते राहिले. घरात निर्वासितांना लपवलं, त्यांत यहुदी होते. १९४२ साली धोका वाढला तेव्हा जिनिव्हाला परतावं लागलं. १९४४ साली ते पुन्हा आले. आता शेजारच्या छावण्यांत जर्मन युद्धकैदी होते. काल ज्यांच्यापासून माणसं लपवली, आज त्यांनाच रविवारी घरी बोलवून प्रार्थना आणि होतं-नव्हतं ते जेवण. बहीण झुनव्हिएव युद्धात अनाथ झालेल्या मुलांची आई झाली. १९४९च्या ईस्टरला पहिल्या सात ब्रदर्सनी जन्मभराचं व्रत घेतलं. आज सुमारे ८० ब्रदर्स आहेत, ३०च्या आसपास देशांतले, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही. ते स्वतःसाठी देणगी घेत नाहीत, वारसाहक्कही घेत नाहीत. मातीची भांडी, पुस्तकं अशा आपल्या कामावर जगतात. आणि ज्या मंदिरात आम्ही रोज बसत होतो ते १९६२ साली बांधून झालं, जर्मन तरुणांच्या हातांनी. युद्धाच्या पापाची भरपाई म्हणून ज्या देशांना जर्मनीने जखमा केल्या तिथे जाऊन बांधकामं करणारी ती मुलं होती. त्याचं नावच समेटाचं मंदिर.

त्याच मंदिरात, रात्रीची प्रार्थना चालू असताना, १६ ऑगस्ट २००५ रोजी मानसिक आजार असलेल्या एका बाईने नव्वद वर्षांच्या ब्रदर रोजेंवर चाकूने वार केले. त्यातच ते गेले. कबरीपाशी उभं राहिल्यावर लेकीने माझा हात धरला. आम्ही बोललो नाही.

शुक्रवारी रात्रीच्या प्रार्थनेनंतर क्रूसाचं चित्र मंदिराच्या मध्यभागी जमिनीवर आडवं ठेवतात. मग ज्याला वाटेल तो गुडघ्यांवर सरकत पुढे जातो आणि लाकडावर कपाळ टेकवतो. जर्मनीत शाळांना शरद ऋतूची सुट्टी होती, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षांची पोरं खूप होती. दिवसभर बागडणारी तीच पोरं तासभर गुडघ्यांवर रांगेत. गाणी चालूच, थांबत नाहीत. मला माझी पाळी यायला पाऊण तास लागला. लाकूड गार होतं आणि आधीच्या कपाळांमुळे एका जागी जरा कोमट.

काय मागायचं ते ठरवून गेले होते. मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं, घरचे विषय, सगळं ओळीने. तिथे एकही नाव आठवलं नाही. माझ्या डोक्याशेजारी एका मुलीचे केस लाकडावर पसरले होते, ती हुंदके देत होती. मी तिच्यासाठीही काही म्हटलं नाही. दोघी तशाच होतो. प्रार्थना म्हणजे देवापुढे शब्द मांडणं हे मी लहानपणापासून शिकले, आणि ते खोटं नाही. पण त्या रात्री शब्द आले नाहीत आणि तरीही मी एकटी नव्हते. याहून नीट मला सांगता येत नाही.

उठून बाजूला आले तर दोन-तीन ब्रदर्स कडेला उभे होते, कुणाला काही बोलायचं असेल तर ऐकायला. मी कुणाजवळ गेले नाही. त्याऐवजी येशूच्या एका जुन्या चित्राच्या प्रतीसमोर बसले. येशू एका मित्राच्या खांद्यावर हात टाकून शेजारी उभा आहे. मूळ कॉप्टिक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असतं. कितीतरी वेळ मी फक्त तो हात बघत होते.

शनिवार

पाऊस. ओल्या मोज्यांनी दिवस गेला. रात्री पुनरुत्थानाची उपासना: प्रत्येकाच्या हातात बारीक मेणबत्ती, एकाच्या ज्योतीवरून दुसऱ्याची पेटवायची, आणि बघता बघता सगळं मंदिर उजळतं. माझ्या शेजारचा पोलिश मुलगा तोच, स्टेशनवरचा. त्याने माझी पेटवली. नंतर बाहेर आल्यावर विचारलं, लोणचं उरलं आहे का? बरणी त्याला देऊन टाकली.

शांततेच्या त्या मिनिटांत छतावर पाऊस वाजत होता. संपल्यावर लेकीने माझ्या मांडीकडे बोट दाखवलं. हात उताणे पडले होते, हलत नव्हते.

रविवार

सकाळी दहाची उपासना, मग सामान, मिठ्या, पत्ते. डच आजी म्हणाल्या, पुन्हा येईन की नाही सांगता येत नाही, गुडघे. बसथांब्यावर सगळे मोठ्याने बोलत होते, आठवडाभराचं साठलेलं. माकोंला लेक आणि मी वेगवेगळ्या गाड्यांत बसलो. बसची वेळ या वेळी दोनदा तपासली होती, तुम्हीही तपासा.

नगरला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. गेले तीन आठवडे बंद होती, धूळ पुसली. तेझेतली एक ओळ लावली, वीसेक वेळा घेतली आणि पट्ट्यांवरून बोटं उचलली. भात्यात उरलेली हवा हळूहळू बाहेर जाते तेव्हा आतून एक बारीक आवाज येतो, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. २६ वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. तो पुरता थांबेपर्यंत भात्यावर हात ठेवून बसले.